कुंकवाची हळद

हल, जानेवारी. पहाटेचे पाच पन्नास.
हंबर नदीवरचं वारं लॅबच्या खिडकीला
ओल्या फडक्यासारखं चिकटलेलं.
फ्रीजच्या घरघरीत मी, ग्रॅहम
आणि नळी नंबर सात.

आपल्याकडे हळदीला चुना लागला की कुंकू होतं.
इथे उलट.
लाल पाण्यात जंतू सोडायचे, त्यात औषध,
आणि वाट बघायची.
लालच राहिलं तर घरी जाता येतं.
पिवळं पडलं तर वॉर्डला फोन.
सात नंबर विसाव्या मिनिटालाच
हळद.

विकर म्हणतात त्याला.
विकार नव्हे. एका कान्याचा फरक,
आणि चार नंबरच्या खाटेवर तोही नाही.

औषधाच्या रेणूत एक चौकोनी कडी असते,
चारच अणूंची, ताणून बसवलेली;
सगळा जोर त्या ताणात.
विकर ती दातओठ खाऊन तोडत नाही.
आमचे भिकूमामा गप्पा मारता मारता सुपारी कातरायचे, तसं.
कट्.
अडकित्ता जसाच्या तसा, पुढच्या सुपारीला मोकळा.
याच्या जबड्यात जस्ताचे दोन कण.
ते काढून घेतले की जबडा खुळा पडतो.
हे मी करून दाखवीन,
काचेच्या बशीत.
माणसात नाही.

ग्रॅहमने फॉर्म पुढे सरकवला. विकराचं नाव लिहायची चौकट.
नावात दिल्ली आहे.
दिल्लीला मी एकदा गेलेय, दोन दिवस, व्हिसाच्या कामाला.
तरी पेन अडलं;
शाळेत बाई म्हणाल्या होत्या ना,
उवा कुठून येतात ते माहितीय आम्हाला,
आणि सगळा वर्ग आमच्या आळीच्या पोरींकडे वळला होता,
तसं.

डॉक्टर पेनिस्टननी मॉरीन स्टॅदर्सला विचारलं,
अलीकडे भारतात गेला होतात?
वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं हेसल रोडला
बर्फातले मासे सोलण्यात गेलेली.
ती म्हणाली, विदर्नसीच्या पुढे गेले नाही मी,
आणि तिथेही पाऊसच होता.

मग स्वॅब घेऊन मीच खाली गेले.
खाटेच्या कठड्याचा, नळाच्या मुठीचा,
बेसिनच्या जाळीखालचा, जिथे
काळपट बुळबुळीत काहीतरी निवांत नांदत होतं.
मॉरीन काठी टेकत आली
आणि माझ्या हातावरून
अर्धा कप गार चहा बेसिनमध्ये ओतला.
दुधाचा, दोन साखरेचा.
रोजच ओतते, म्हणाली. यांचा चहा पिववत नाही.

तिच्या बोटांवर सुरीच्या जुन्या रेघा होत्या, पांढऱ्या.
मी काही बोलले नाही. काय बोलणार?
की बाई, तुम्ही खाली पंगत वाढताय?

त्या नळीत काय चालत असेल ते मला दिसतं.
संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू.
एक जंतू दुसऱ्याला वाण देतो:
जनुकांचं इवलंसं वेटोळं, त्यात अडकित्त्याची कृती.
घेणारा परक्या जातीचा असला तरी चालतो.
ओटी पुढे केली की झालं.
आमच्या सोसायटीतल्या बायका इतक्या मोकळ्या नव्हत्या,
मीही नव्हते.

कुणी आणलं पहिल्यांदा?
वॉर्डची प्लंबिंग मॉरीनच्या लग्नाच्या वेळची.
तेव्हापासून किती हात धुतले गेले त्यात,
किती देशांचे,
किती घाईत.

तिला कपाटाच्या तळातलं जुनं औषध चालू केलंय,
मूत्रपिंड जाळणारं.
दुपारी प्लंबर येऊन बेसिन उखडणार आहे.
तोवर तिथे कागद चिकटवलाय: वापरू नये.
कागदाच्या कडेवर
चहाचे थेंब आहेत.

ग्रॅहम घरी गेला.
मी बेसिनचा नमुना लाल पाण्यात सोडला
आणि घड्याळ उलटं करून ठेवलं.